दहा नंबरची जर्सी

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. वरच्या खोलीत पुतण्या अजून जागाच आहे, मधूनच फुटबॉल भिंतीला लागल्याचा टप टप आवाज येतोय, वहिनीनं खालनं दोनदा ओरडून झालं तरी थांबेना. जेवला पण नाही नीट. भाकरी आमटीत कुस्करली आणि नुसता चिवडत बसला, एरवी हेच पोरगं मॅचच्या आदल्या रात्री चार भाकऱ्या हाणतं. पण एरवी मॅच म्हणजे हा बाकड्यावर. उद्या पहिल्या अकरात आहे, आणि तेही आमच्या टीमच्या दहा नंबरच्या, म्हणजे दहा नंबरची जर्सी घालणाऱ्या पोराच्या जागी.

दहा नंबरचा गुडघा रविवारी गेला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता त्याला, बॉल घेऊन एकटाच वळायला गेला, बूट गवतात अडकला आणि खाली बसला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एवढं पब्लिक, हलगी चालू, शिट्ट्या चालू, आणि एका क्षणात सगळं गप. मी स्टँडात होतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या आधी शेजारच्या म्हाताऱ्याला कळलं, तो म्हणाला "गेलं पोरगं". एमआरआय झाला, लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करायचं आणि मग आठ-नऊ महिने बॉलला पाय लावायचा नाही. अख्खा सीझन गेला.

तेव्हापासून चार दिवस पेठेत दुसरा विषय नाही. सकाळी दूध आणायला गेलो तर दूधवाला म्हणतो, "आता तुमच्या पोरावरच हाय बघा सगळं." चहाच्या गाड्यावर एक जण म्हणाला, "टेन्शन घ्यायचं न्हाई म्हणावं, फक्त गोल मारायचा." फक्त! रिक्षावाला, आमची टीम ज्या तालमीची त्या तालमीतले जुने लोक, वहिनीच्या भिशीतल्या बायका, सगळे प्रेमानंच बोलतात, कुणाच्या मनात वाईट नाही, आणि तेच अवघड आहे बघा, शिव्या देणाऱ्याला उलटून बोलता तरी येतं. पाठीवर थाप मारणाऱ्याचं काय करायचं? चार दिवसांत पोराच्या पाठीवर एवढ्या थापा पडल्यात की पाठ दुखायला लागली असेल.

संध्याकाळी दहा नंबरला बघायला गेलो होतो. पाय दोन उशांवर ठेवलेला, हातात मोबाईल, आई शेजारी संत्री सोलत बसलेली. स्टेटसला सगळ्यांनी याचाच फोटो लावलाय, "वाघ परत येणार" वगैरे, ते मला दाखवत होता, हसत होता पण डोळे नव्हते हसत. निघताना एकदम म्हणाला, "काका, एक सांगू? त्याला माझी दहा नंबरची जर्सी देऊ नका कुणी. त्याची अठराचीच घालू दे." मी हो म्हणालो आणि बाहेर पडलो, पण जिना उतरताना मनात आलंच, बघा, पाय मोडला तरी जर्सी सुटत नाही याची. चोवीस वर्षांचं पोरगं आहे, वाटणारच की. इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजचं असंच झालं होतं १९६६ च्या वर्ल्डकपला. ५७ मॅचमध्ये ४४ गोल करणारा माणूस, फ्रान्सविरुद्ध नडगीला जखम झाली, टाके पडले, त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि फायनलपर्यंत ग्रीव्हज बरा झाला तरी कोचनं टीम बदलली नाही. हर्स्टनं फायनलमध्ये तीन गोल मारले. ग्रीव्हजला तेव्हा मेडलसुद्धा मिळालं नाही, कारण खेळले त्या अकरांनाच द्यायची पद्धत होती, ते मिळालं २००९ ला. म्हणजे पलंगावर पडलेल्याला पण भीती असतेच, की जागेवर आलेला पोरगा नीट खेळला तर आपलं काय.

पण घरी येऊन बसलो आणि दुसरंच डोक्यात आलं. कारण तालमीतल्या पोरांनी उद्यासाठी काय ठरवलंय ते परत येताना कळलं. शंभर टी-शर्ट छापलेत दहा नंबरच्या फोटोचे, अख्खा स्टँड ते घालून बसणार, आणि टीम ग्राउंडवर उतरताना कॅप्टन आणि गोलकीपरनं त्याची जर्सी दोन्ही हातांनी धरून फोटो काढायचा. ऐकलं आणि पोटात गोळाच आला माझ्या, कारण हे मी बघितलंय आधी.

२०१४, जुलै. आपल्याकडे रात्री दीडला मॅच होती, वर्ल्डकपची ब्राझील-जर्मनी सेमीफायनल, तालमीच्या दारात पडदा लावलेला. आमच्या गल्लीत निम्मे ब्राझील निम्मे अर्जेंटिना, फ्लेक्सवरनं भांडणं करणारी गल्ली आमची, तरी त्या रात्री सगळे हळहळत होते कारण चार दिवस आधी कोलंबियाविरुद्ध ब्राझीलच्या नेमारच्या पाठीत गुडघा बसला होता आणि मणक्याचं हाड मोडलं होतं. राष्ट्रगीत चालू झालं आणि कॅप्टन डेव्हिड लुइझ आणि गोलकीपर ज्युलिओ सेझर यांनी नेमारची दहा नंबरची जर्सी दोन्ही बाजूंनी धरली. आमच्यातली दोन-तीन पोरं रडायलाच लागली. मी पण हेलावलो, खोटं कशाला बोलू.

त्याच ओळीत बर्नार्ड उभा होता. नेमारच्या जागी आलेला, एकवीस वर्षांचा, वीस नंबरची जर्सी, दिसायला शाळेतलं पोर वाटावं एवढाच. आणि मॅच कुठं, तर बेलो होरिझोंतेत, त्याच्याच गावात, वर्षापूर्वी तिथल्याच अॅटलेटिको मिनेरो क्लबकडून कोपा लिबेर्ताडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलेल्या मैदानावर. त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल हो? आपल्याच टीमचे लोक, आपलेच लोक, जो नाही त्याचा कपडा धरून उभेत, आणि जो आहे तो शेवटाला कुठंतरी. माणूस मेल्यासारखं चाललेलं सगळं, आणि नेमार तर घरी बसून मॅच बघत होता.

पुढचं सगळ्यांना माहितीये. अकराव्या मिनिटाला जर्मनीच्या म्यूलरचा गोल, मग तेवीस ते एकोणतीस या सहा मिनिटांत चार गोल. शेवटी जर्मनी सात-एक. बर्नार्ड नव्वद मिनिटं पळला, पण मला विचाराल तर त्यानं काय केलं, तर मला एक पण मूव्ह आठवत नाही. मॅच त्याच्यामुळं हरली नाही, डिफेन्सची चाळण झाली होती, डिफेन्समधला थियागो सिल्वा पिवळ्या कार्डामुळं बाहेर होता, ते वेगळंच. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर "नेमार असता तर" हेच. त्याच्या जागी कोण होतं हे निम्म्या लोकांना सांगता येत नव्हतं.

आणि याच्या उलटी गोष्ट आमच्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, पोरांचं मनोबल वाढवायला, काल पुतण्याला पण कुणीतरी सांगितलीच. १९६२ चा चिली वर्ल्डकप. चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध पेलेनं लांबनं मारलेला बॉल पोस्टला लागला आणि त्याच्या मांडीचा स्नायू गेला. तेव्हा सब, म्हणजे बदली खेळाडू, नव्हताच, वर्ल्डकपमध्ये सब आला तो १९७० ला, त्यामुळं पेले तसाच लंगडत विंगला उभा राहिला, आणि मासोपुस्टसारखे चेक प्लेअर त्याला टॅकल करेनात, जखमी माणसाला काय धरायचं म्हणून. (हे मला सगळ्या गोलांपेक्षा जास्त आवडतं.) पुढच्या मॅचला त्याच्या जागी अमारिल्दो, जेमतेम विशी ओलांडलेला, नंबर याचा पण वीसच. स्पेनसमोर ब्राझील एक-शून्य मागे, बहात्तराव्या मिनिटापर्यंत मागे, आणि मग या पोरानं दोन गोल मारून मॅच फिरवली. फायनलला परत तेच, चेकचा गोल झाल्यावर दोन मिनिटांत बरोबरी यानंच केली. "बघ, तू पण अमारिल्दो होणार!" असं म्हणून गोष्ट संपवतात.

पण ही गोष्ट अर्धीच सांगतात ना. अमारिल्दो बोटाफोगो क्लबचा होता. आणि त्या ब्राझील टीममध्ये त्याच्या आजूबाजूला कोण होतं, तर गारिंचा, डिडी, झागालो, निल्टन सांतोस, हे पण सगळे बोटाफोगोचेच. रोज ज्यांच्याबरोबर प्रॅक्टिस करायचा तेच उजवीकडं, तेच डावीकडं. स्पेनविरुद्धचा दुसरा गोल गारिंचानं उजवीकडनं दिलेल्या बॉलवर, डोक्यानं. आणि निल्टन सांतोसनं तर कमालच केली, स्पेनच्या माणसाला बॉक्समध्ये पाडलं आणि गुपचूप एक पाऊल बाहेर येऊन उभा राहिला, रेफरीनं पेनल्टीच्या ऐवजी फ्री किक दिली. ती पेनल्टी मिळाली असती तर स्पेन दोन-शून्य, आणि आज अमारिल्दोची गोष्ट कुणी सांगितली असती का शंका आहे. लबाडीच ती, पण म्हाताऱ्यानं पोराला वाचवलं. सदतीस वर्षांचा होता निल्टन सांतोस तेव्हा.

आता हे लिहितोच आहे तर ते पण लिहितो, जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

१९९७ ला मी राइट विंगला खेळायचो. आमच्या सेंटर फॉरवर्डचा पाय मोडला आणि त्याच्या जागी एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा आला, शांत, पायात बॉल बरा असलेला. त्या मॅचमध्ये मी त्याला बॉल दिला नाही. ठरवून नाही, शपथ. पण उजवीकडनं पळत आलो की मान वर करायची आणि तो मोकळा दिसायचा आणि पाय आपोआप दुसरीकडं वळायचा, डोक्यात एकच, हा घालवणार. सेकंड हाफला तर तो एकटा होता, गोलकीपर समोर, हात वर करून "दादा, दादा" ओरडत होता, आणि मी अवघड कोनातनं स्वतःच मारला, बाहेर गेला. दहा मिनिटांनी त्याला बाहेर काढला. स्टँडातनं काय काय शिव्या पडल्या त्याला, "बॉलला हात लावायला आलाय का बघायला आलाय" असलं सगळं. त्यानं खरंच बघण्यापलीकडं काही केलं नव्हतं, करणार कसं, त्याच्यापर्यंत बॉल गेला पाहिजे की. मी मान खाली घालून पाणी पीत होतो. दोन सीझन कुठं बाकड्यावर कुठं बाहेर असं करून त्यानं खेळणं सोडलं. अजून भेटतो, भाजी मंडईत, बायको-पोरं बरोबर असतात, "काय दादा, बरं हाय न्हवं" म्हणतो. त्याला ते आठवत नसेल असं मला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं वाटतंय, वाटून घेतोय.

म्हणून मघाशी, साडेदहाच्या सुमारास, कॅप्टनला फोन लावला. तो उचलला तेव्हा मागं टीव्ही चालू होता. म्हटलं, एक ऐकशील का, ती जर्सी धरून फोटो काढायचं रद्द कर. तो गोंधळला, "काका, पोरांनी शंभर टी-शर्ट छापल्यात, आता काय सांगू त्यास्नी?" म्हटलं टी-शर्ट राहू दे, स्टँडात काय घालायचं ते घाला, पण ग्राउंडवर जे अकरा उभे राहतील तेवढेच दिसू देत. आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याला तीन-चार सोपे बॉल द्या, पायात, मागं कुणी नसताना, मोठा पास नको, हिरोगिरी नको. चुकला तरी परत द्या. चुकल्यावर लगेच द्या, तेच महत्त्वाचं. कॅप्टन थोडा वेळ गप्पच, मग म्हणाला, "दहा नंबरनं पण दुपारी फोन करून हेच सांगितलंय. जर्सी बाहेर काढू नका म्हणाला."

म्हणजे जिन्यात मला जे वाटलं होतं ते सगळं चुकीचंच होतं. किंवा निम्मं चुकीचं, त्याला जर्सी सोडवत नसेल आणि पोराला मोकळं पण ठेवायचं असेल, दोन्ही एकाच वेळी असू शकतं की माणसात.

वर बॉलचा आवाज थांबलाय आत्ता. जाऊन बघून यावं का? नको, झोपला असेल तर उठेल. सकाळी वहिनीला सांगायचं, नाश्त्याला तेलकट काही नको, केळी आणि दोन अंडी, आणि कुणी शुभेच्छा द्यायला दारात आलं तर तो अंघोळीला गेलाय म्हणायचं.