तिसऱ्या डब्यातली पावडर

टेबलावर तीन डबे होते. तिन्हींत एकाच कृतीने केलेली पावडर. पण पहिल्या दोन डब्यांचं पृष्ठफळ ग्रॅममागे सहाशे चौरस मीटरच्या आसपास आणि तिसऱ्याचं चौदाशेच्या वर. गुंतवणूकदारांनी पाठवलेल्या इंजिनिअरांनी तिन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "तिसरी बॅच कोणी केली?"

मी विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण विभागात आहे. लॅबमधल्या शोधाचं पेटंट घ्यायचं आणि जमलं तर त्यावर स्पिन-आउट कंपनी उभी करायची, हे माझं काम. या कंपनीच्या करारावर त्याच आठवड्यात सह्या व्हायच्या होत्या.

पदार्थ होता मॉफ. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून झालेला सांगाडा, आत पोकळ्याच पोकळ्या. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना याच पदार्थांसाठी मिळालं. पोकळ्या शाबूत असतील तरच त्यात वायू मावतो. त्या शाबूत आहेत का, हे ७७ केल्विन तापमानाला नायट्रोजन शोषायला लावून कळतं. पृष्ठफळाचा आकडा त्यावरूनच निघतो.

पहिल्या दोन बॅच पोस्टडॉकने, म्हणजे पीएच.डी.नंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याने केल्या होत्या, अगदी लिहिल्याबरहुकूम. तिसरी पीएच.डी.च्या एका विद्यार्थिनीने. ती थिसिस लिहीत वाचनालयात बसली होती, तिला बोलावलं. तिने पहिल्या डब्यातली पावडर बघितली आणि पोस्टडॉकला एकच विचारलं, "धुवायला किती दिवस दिलेस?"

"दिवस? एकदा धुऊन व्हॅक्युम ओव्हनला लावली."

कृतीत "धुऊन वाळवावे" एवढंच होतं. ती मात्र पावडर तीन दिवस मिथेनॉलमध्ये ठेवायची, मिथेनॉल रोज बदलायची. पदार्थ करताना वापरलेलं, पोकळ्यांत अडकलेलं जड द्रावक त्यामुळे हळूहळू बाहेर पडतं आणि त्याच्या जागी सहज उडून जाणारं मिथेनॉल येतं. घाईने तापवलं तर जड द्रावक बाहेर पडताना केशाकर्षणाच्या ताणाने सांगाडाच कोसळतो. दोन वर्षं बॅचमागून बॅच वाया घालवून तिने हे शोधलं होतं, नोटबुकात तारखेसह लिहिलं होतं.

मी पेटंटचा अर्ज उघडला. कशाकशावर हक्क मागतोय ते त्यात एकेका दाव्यात लिहिलेलं असतं. चौथा दावा नेमका या धुण्याचा होता. संशोधक म्हणून नाव एकट्या प्राध्यापकांचं.

अर्ज मीच भरला होता. संशोधकांची नावं मी फक्त प्राध्यापकांना विचारली, त्यांनी आपलं सांगितलं, मी पुढे गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. विद्यार्थ्यांचं नाव पेपरवर असलं की झालं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. पण पेपरचा लेखक आणि पेटंटचा संशोधक या वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यातली कल्पना ज्याची, तो संशोधक. त्याचं नाव गाळलं तर पुढे कोर्टात पेटंटच रद्द होऊ शकतं. शिवाय विद्यार्थी नोकरीत नसतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्याच्या शोधाचा हक्क आपोआप विद्यापीठाकडे येत नाही. त्याची वेगळी सही लागते. तिची सही कुठेच नव्हती, भागधारकांच्या यादीत नावही नव्हतं. ज्या ज्ञानावर कंपनी उभी राहणार होती, ते तिच्या एका नोटबुकात होतं.

मी हे तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. सह्या पुढे ढकलल्या गेल्या. प्राध्यापक बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तिचं नाव घाला. शेअरही माझ्या वाट्यातून द्या."

तिने शेअरबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे: "मॅडम, मग धुण्याचं थिसिसमध्ये लिहिता येईल ना?" कंपनीच्या बाजूने लगेच "नाही" असं उत्तर आलं. मी हट्ट सोडला नाही. अर्ज दाखल झालाय, दाव्यात धुणं आहे, आता प्रसिद्ध केल्याने त्या दाव्याचं नुकसान नाही. केंब्रिजमध्ये प्रकाश देणाऱ्या पॉलिमरचं पेटंट १९८९ साली आधी दाखल झालं, 'नेचर'मधला पेपर १९९०मध्ये आला, आणि १९९२ साली कंपनीही निघाली. क्रम पाळला की दोन्ही जमतं. शेवटी त्यांनी मान्य केलं.

पुढच्या आठवड्यात तिने धुण्याची कृती दीड पानभर लिहिली. पोस्टडॉकने ती वाचून चौथी बॅच लावली. ती शेजारच्या स्टुलावर बसून होती, हात पाठीमागे बांधून. तो दोनदा अडला. तिने तोंडी काही सांगितलं नाही, कागदावरची ओळ दुरुस्त केली. पाचव्या दिवशी आकडा आला, १३८०.