बोट लागत नाही

अंगठाबहाद्दर व्हायलासुद्धा अंगठा शाबूत लागतो, हे मला २०२० च्या उन्हाळ्यात कळलं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात शाखा डाकपाल आहे. पोस्ट म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. टेबल, कुलपाची पेटी, तारखेचा शिक्का, भिंतीवर सुकन्या समृद्धीचं पोस्टर. दहावीच्या मार्कांवर ऑनलाइन निवड झाली तेव्हा सासऱ्यांनी पेढे वाटले होते, सून सरकारी नोकर झाली म्हणून. शाखा डाकपाल म्हणजे ग्रामीण डाक सेवक, आणि तो धड सरकारी नोकर आहे की नाही, हे अजून कुणाला नीट सांगता येत नाही. आम्हाला मिळतो त्याला पगार म्हणत नाहीत, भत्ता म्हणतात, आणि नोकरी कागदावर चार तासांची. लोक रात्री नऊला कडी वाजवतात, ते तास कुठल्या कागदावर येत नाहीत.

२०१८ मध्ये पोस्टाची पेमेंट्स बँक निघाली आणि आमच्या हातात मोबाइल आणि बोटाचा ठसा घेणारी आगपेटीपेक्षा थोडी मोठी डबी आली. तिला गावात सगळे 'मशीन' म्हणतात. आधार नंबर टाकायचा, खातं कुठल्या बँकेत आहे ते निवडायचं, रक्कम टाकायची, काचेवर बोट ठेवायचं. ठसा जुळला की त्या बाईच्या बँकेतले पैसे मी माझ्या पेटीतून द्यायचे. एका वेळी १०,००० पर्यंत. लॉकडाऊनच्या आधी महिन्याला दहा-बारा व्यवहार व्हायचे, तेही मी मागे लागल्यावर. लोकांना बँकेत जायलाच आवडायचं. बाजार होतो, भजी खाता येतात.

२४ मार्चच्या रात्री सगळं बंद झालं आणि एसटीही बंद. बँक १४ किलोमीटरवर. आमची डाकेची थैलीसुद्धा एसटीनेच यायची, मग आमचा पोस्टमन मोटरसायकलवर पास अडकवून ती आणायला जायला लागला. जनधन खातं असलेल्या बायकांना तीन महिने दरमहा ५०० रुपये मिळणार हे २६ मार्चला जाहीर झालं होतं. गर्दी होऊ नये म्हणून खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे तारखा लावल्या होत्या: ३ एप्रिलला ० आणि १, ४ तारखेला २ आणि ३, असं ९ तारखेपर्यंत. ठरवणाऱ्याने डोकं लावलं होतं यात वाद नाही. पण खातेक्रमांकाचा शेवटचा आकडा पाठ असणारी बाई मला अजून भेटायची आहे. त्यात अफवा उठली, की लगेच काढले नाहीत तर सरकार पैसे परत घेणार. झालं. ३ तारखेला सकाळी सातला ओट्यासमोर पन्नास बायका. मी रांगोळीने गोल काढून दिले होते, ते वाऱ्याने दहा वाजेपर्यंत गेले, आणि बायका जिथे सावली तिथे सरकल्या.

कुठली बँक हे विचारून उपयोग नसतो. पासबुकाचा रंग विचारायचा. रंगही सांगता आला नाही तर खातं कुणी काढून दिलं ते विचारायचं, की मग कळतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

खरी मारामारी बोटाची. आम्हाला सांगितलं होतं, प्रत्येक व्यवहाराआधी आणि नंतर सॅनिटायझर. आणि सॅनिटायझरने बोट इतकं कोरडं पडतं की मशीन ते धरतच नाही. लाल दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. ओलं बोटही चालत नाही, ठशाचा डाग उमटतो. बोटाला किंचित, अगदी किंचित तेलकटपणा लागतो, आणि तो सगळ्यात चांगला मिळतो कपाळावर किंवा नाकाच्या कडेला. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती माहीत असते. त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज यायचा आणि मग एक बाई चेहऱ्याला हात लावू नका म्हणून बजावायची. आणि इकडे मी दिवसभर पन्नास बायकांना सांगत होते, मास्क जरा खाली घ्या, नाकावरून बोट फिरवा, आता ठेवा. एकीने विचारलंच, "फोनवर तर उलटंच सांगत्यात की." मी म्हटलं, फोनवाल्या बाईला पैसे काढायचे नाहीत.

एप्रिलच्या मध्यावर ऊसतोड मजुरांना परत यायची परवानगी मिळाली. राज्यभरात कारखान्यांवर लाखावर माणसं अडकलेली होती आणि त्यात बरीचशी आमच्या जिल्ह्यातली. आमच्या गावातलं निम्मं गाव दरवर्षी दिवाळीच्या आसपास कोल्हापूर-सांगलीकडे जातं आणि चैत्रात येतं. दरवर्षी टोळी आली की लेकरं वेशीपर्यंत पळत जातात. त्या वर्षी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवलेला होता आणि राखणीला उभी होती ती यांचीच भाचे-पुतणे मंडळी. टोळीला गावाबाहेर रानात ठेवलं. सहा महिने कारखान्यावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहिलेली माणसं आपल्या गावात येऊन पुन्हा कोपीतच. ज्यांनी २२ मार्चला सगळ्यात जोरात थाळ्या वाजवल्या होत्या तेच काट्या टाकायला पुढे होते, एवढं मी लिहून ठेवते.

मेच्या पहिल्या आठवड्यात दुसरा हप्ता पडायला लागला. रानातल्या बायकांचे एप्रिलचेही राहिले होते, म्हणजे प्रत्येकीचे १०००. त्यांना गावात यायला बंदी, म्हणून मीच गेले. सरपंचांनी नको म्हटलं, सासूबाईंनी नको म्हटलं. मी गेले त्यात शौर्य फार नव्हतं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी वरून विचारणा यायची, काल किती व्यवहार, फोटो टाका. शेजारच्या गावचा डाकपाल रोज चाळीस टाकत होता. त्याच्यापुढे जायचं हेही डोक्यात होतं.

रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी यायची. तिथे दगडावर ओढणी अंथरून मांडामांड केली. अकरा बायका. पहिल्या सात भराभर झाल्या, म्हणजे प्रत्येकीला पाच-सात मिनिटं. आठवी कडेवर लेकरू घेतलेली, विशी-बाविशीची. बोट जुळलं, आणि गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मग 'व्यवहार अयशस्वी'. त्याच क्षणी तिच्या नवऱ्याच्या फोनवर मेसेज वाजला, खात्यातून १००० वजा. पैसे तिच्या खात्यातून निघाले होते आणि माझ्याकडे पोचले नव्हते. मधे कुठेतरी लटकले. असे पैसे पाच दिवसांत परत जमा होतात असा नियम आहे, आणि होतातही. पण तो नवरा फोन माझ्यासमोर धरून उभा होता. पेटीतले देता येत नाहीत, संध्याकाळी हिशोबात १००० कमी पडतात आणि ते भरायचे मलाच. मी पर्समधून पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि दिल्या. घरखर्चाचे होते.

मग आत्याबाई आल्या. आमच्या सासरच्या भावकीतल्या, वय साठीच्या अलीकडचं. एरवी मला सूनबाई म्हणतात, त्या दिवशी "मॅडम" म्हणाल्या.

उजवा अंगठा. लाल. पुन्हा. लाल. तर्जनी, मधलं बोट. साबणाने हात धुवायला लावले, पदराला पुसले, कपाळावरून फिरवले. मी खोबरेल तेलाची छोटी बाटली ठेवते, तीही झाली. हलकं दाबा, जोरात दाबा, बोट जरा आडवं करा. डावा हात. शेवटी मी त्यांचा हात हातात घेऊन एकेक बोट उन्हाकडे धरून बघितलं. कोयता धरायच्या हाताला मुठीच्या आत घट्टे होते, ते मला माहीतच होते. डाव्या हाताने उसाचं कांडं आवळून धरायचं, पाचट ओढायचं, मोळी बांधायची. त्या हाताला पात्याने चिरलेल्या पांढऱ्या रेघा होत्या, बारीक, एकीवर एक. आणि बोटांची टोकं गुळगुळीत. रेषाच नाहीत. पायरीच्या दगडाचा मधला भाग कसा झिजून चकाकतो तशी. आधार काढलं तेव्हा या बोटांवर काहीतरी असणार, नाहीतर आधार निघालंच नसतं. तिथे मशीन जुळवत होतं ते त्या जुन्या बोटांशी.

"मव्हंच बोट हाय की वो," आत्याबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं आणलं न्हाई."

करंगळीही झाली. दहाच्या दहा. परत आल्यापासून गावातल्या कुणी या बायकांच्या जवळ जाऊन बोललं नव्हतं, आणि मी अर्धा तास त्यांचा हात धरून बसले होते, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं. तेव्हा डोक्यात फक्त मशीन होतं. मी म्हटलं, "आत्याबाई, पैसे कुठं जात नाहीत, खात्यात सुरक्षित हायेत. बंदी उठली की बँकेत जाऊन सही-अंगठ्यावर मिळतील." सुरक्षित हा शब्द मी दोनदा वापरला. त्यांनी बोटं पदराला पुसली आणि उठल्या. आणखी एकीचं बोट लागलं नाही, पण तिच्या नवऱ्याचे पीएम-किसानचे २००० मी काढून दिले, तिचं भागलं. राहिल्या आत्याबाई. विधवा बाई, मागे घरात नातू.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकला, मास्क लावलेली मी, विहीर, बायका अंतर ठेवून. वरून अंगठा आला, तो पिवळा, वर केलेला. व्यवहार किती झाले याला रकाना होता. जिचं बोट लागलं नाही तिच्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मीही तिचं काही लिहिलं नाही. घरी मला अंगणातच आंघोळ करायला लावली.

ते लटकलेले १००० चौथ्या दिवशी त्या मुलीच्या खात्यात परत आले आणि आठवड्याने तिचा नवरा माझे पैसे दारात दगडाखाली ठेवून गेला. चोख व्यवहार. मी खूश होते.

जूनमध्ये सासऱ्यांच्या बोलण्यातून कळलं, की त्याच आठवड्यात आत्याबाईंनी मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला टोळी नेणाऱ्याकडून, १००० घेतले होते. उसने नाही, उचल म्हणून. पुढच्या सीझनच्या नावावर. आत्याबाई या वर्षी जाणार नव्हत्या, कंबर गेली म्हणत होत्या. आता जाणार.

हे मी तेव्हापासून उलटसुलट करून बघते आहे. माझ्या पर्समध्ये त्या दिवशी २००० च्या वर होते. ज्या मुलीचे पैसे आपोआप परत येणारच होते तिला मी न मागता काढून दिले, आणि जिचे येणार नव्हते तिला नियम सांगितला. का? मुलीचा नवरा फोन धरून उभा होता, मेसेज इंग्रजीत आणि आकडा स्पष्ट. त्यात चूक आमच्याकडची दिसत होती. आत्याबाईंच्या बाबतीत चूक कुणाची हेच दिसत नव्हतं, आणि खरं सांगते, मला ती त्यांच्या बोटांची वाटली. नवरा म्हणतो, तू सगळ्या गावाची बँक आहेस का. नाही. पण त्या मुलीची झालेच होते ना.

बंदी उठल्यावरही आत्याबाई बँकेत गेल्या नाहीत. एसटी तेव्हा रडतखडत, आणि बँकेत म्हणे बाहेर उन्हात उभं करतात. आषाढात, जुलैमध्ये, खुरपणीवरून येताना त्या ओट्यावर टेकल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, बघ बरं एकदा. मला नको वाटत होतं. उजवा अंगठा ठेवला. हिरवा. पहिल्याच वेळेला. माझा विश्वास बसेना, मी त्यांचा हात पुन्हा उलटा करून बघितला. घट्टे होते, पण बोटाच्या टोकावर बारीक, धुरकट रेषा परत आल्या होत्या. दोन-अडीच महिने हातात कोयता नव्हता.

तीन हप्त्यांचे १५०० मोजून दिले.

"तवा का न्हाई लागलं मंग?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हाताला आराम मिळाला की रेषा परत येतात. त्या जरा वेळ अंगठ्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मंजी दिवाळीपतूर हाय म्हना. काय काढायचं ती तवर काढून घे."

पाचशेची एक नोट पदराच्या गाठीत बांधली आणि दोन हातात धरून थेट मुकादमाच्या घराकडे गेल्या. त्याने घेतले नाहीत. उचलीत धरलेत, राहू द्या, म्हणाला.