अ‍ॅक्टिंग साहेब

आज आमच्या कार्यालयातील प्रमुखपदाचा तात्पुरता कार्यभार माझ्याकडे आला. आदेशात ‘प्रभारी’ असे छापलेले असले तरी चहाच्या वेळेपर्यंत माझे नाव ‘अ‍ॅक्टिंग साहेब’ पडले होते, आणि एका सहकाऱ्याने “आता जरा साहेबांची अ‍ॅक्टिंग करून दाखवा” असे म्हणून सर्वांना हसवले. मीही हसलो; परंतु त्या थट्टेत एकमेकांत मिसळलेले दोन अर्थ घरी येईपर्यंत मनात घोळत राहिले.

प्रभारी माणूस खरा नव्हे, अशी एक समजूत या थट्टेमागे असते. प्रत्यक्षात त्याची सही पूर्ण खरी असते. डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाल्यावर उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, आणि चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा १९ जुलैचा अध्यादेश त्यांच्याच सहीने निघाला. दुसऱ्याच दिवशी निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत ते काम पाहिले. त्या चौदांमध्ये आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. सही करणारा हंगामी होता. अध्यादेश हंगामी माणसाचा म्हणून हलका ठरला नाही.

मग हा शब्द दोष देण्यासाठी का वापरला जातो? पोट दुखते म्हणून शाळा बुडवू पाहणाऱ्या मुलाला आई “अ‍ॅक्टिंग पुरे” म्हणते. तिची आजी “सोंगे पुरे” म्हणाली असती. सर्व सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे म्हणणाऱ्या आपल्या समाजाने सोंगाकडे नेहमी थोड्या संशयानेच पाहिले आहे. (नाटकवेड्या पुण्यातही ‘नाटकी’ ही शिवीच आहे.) पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिकेत काम करणाऱ्या माझ्या भाचीला हे मुळीच सहन होत नाही. ढोंग करणाऱ्याला आपण पकडले जाऊ नये असे वाटते. उलट भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर उभी राहणारी मुलगी ‘मी ती नव्हे’ हे प्रेक्षकांना ठाऊक असतानाच बोलू लागते, असे ती म्हणते, आणि ते मला पटते.

नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. हालचाल, वाणी आणि वेशभूषा तालमीत बसवता येतात. सात्त्विकात मात्र घाम, रोमांच, कंप, आवाज फुटणे, चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू अशा आठ भावांची गणना होते, आणि मन एकाग्र झाल्याखेरीज ते प्रकटत नाहीत. जे शरीर हुकमाने सहसा देत नाही, तेही अभिनयातच मोजले गेले, हे मला फार मोलाचे वाटते. अभिनय म्हणजे खोटेपणा असता, तर हा चौथा प्रकार सांगण्याचे कारणच नव्हते.

म्हणून माझ्या मते प्रभारी अधिकारी ढोंग्यापेक्षा नटाला अधिक जवळचा आहे. दोघेही आपली नसलेली जागा सर्वांच्या संमतीने घेतात आणि ती असेपर्यंत तिचे काम मनापासून करतात. हे रात्री जेवताना भाचीला सांगितले, तर तिने तुलना साफ नाकारली. “मामा, आम्ही महिनाभर तालीम करतो. तुला सकाळी आदेश मिळाला आणि दुपारी तू सह्या करायला बसलास. शिवाय तुझ्या सहीने माणसांच्या रजा अडतात, आमच्या अभिनयाने कुणाचे काही अडत नाही.” पहिला मुद्दा मी मान्य केला. दुसऱ्यावर आमचा वाद ताक संपेपर्यंत चालला, आणि त्यात तीच वरचढ ठरली.