कळस न दिसणारी वारी

वेल्समधल्या सोल्वाच्या बंदरात पोचले तेव्हा पूर्ण ओहोटी होती. समुद्र खाडीच्या तोंडाबाहेर गेलेला, होड्या चिखलात कलंडलेल्या. पलीकडच्या काठावर जुन्या चुनाभट्ट्या ओळीनं उभ्या होत्या. पूर्वी जहाजांतून चुनखडी यायची, इथं भाजली जायची आणि इथल्या आंबट जमिनीत पडायची.

यंदाही आषाढीला सुट्टी नाही, म्हणून ही एकटीची वारी: सोल्वा ते सेंट डेव्हिड्सचं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, कड्याकड्यानं आठ-नऊ किलोमीटर. संत डेव्हिडला वेल्श लोक ‘डेवी’ म्हणतात. माझ्या कानाला ते ‘देवी’च ऐकू येतं. बाराव्या शतकात पोपनं म्हणे ठरवून दिलं होतं, इथल्या दोन वाऱ्या म्हणजे रोमची एक.

वाट सारखी खाली उतरते नि पुन्हा चढते. एका बाजूला पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप, गॉर्स, दुसरीकडे सरळ खाली समुद्र. लाल चोचीचे कावळे वाऱ्यावर कोलांट्या मारत होते. तिसऱ्या चढाला टाचेला फोड आला. फाटकापाशी एका आजोबांना वाट दिली, तर तोंडून निघालं, ‘माउली’. ते हसले, ‘मॉर्निंग’ म्हणाले आणि गेले.

केअरफायच्या कड्याचा दगड जांभळा आहे, पिकल्या करवंदासारखा. तिथून थोडं पुढे सेंट नॉनची विहीर. नॉन ही डेवीची आई. वादळात तो इथं जन्मला आणि झरा फुटला, अशी श्रद्धा. विहीर कसली, दगडी कमानीखालचं कुंडच. पाणी डोळ्यांना चांगलं म्हणतात. मी लावलं, आणि थोडं टाचेलाही.

पंढरीला लांबून कळसाला हात जोडता येतात. इथं ती सोय नाही. कॅथेड्रल खोलगट जागी बांधलंय, वेशीच्या कमानीतून आत शिरेपर्यंत पुरतं दिसतच नाही. मग एकदम पायांखाली भलं मोठं देऊळ, आणि उतरायला ३९ पायऱ्या. पहिल्या पायरीला सवयीनं हात लावला. भिंतीपाशी गेले तर तोच जांभळा दगड! केअरफायहूनच आणलेला. बाराव्या शतकापासून इथं येऊन बसलाय. आतली जमीन वेदीकडे चढत जाते आणि खांब चक्क बाहेर झुकलेत. दुखऱ्या टाचेला तो चढही जाणवला.

संध्याकाळी बसनं सोल्वाला परतले. भरती आली होती. सकाळी लोळणाऱ्या होड्या सरळ उभ्या राहून डुलत होत्या.