३२ किलोमीटरचा रविवार आणि त्याआधीची पोटरी

मॅरेथॉनला पाच आठवडे राहिले होते आणि हा आठवडा प्लॅनमधला सगळ्यात मोठा, एकूण ६८ किमी, त्यात रविवारचा लाँग रन ३२. दोन महिने या आठवड्याची वाट पण बघत होते आणि धास्ती पण होती, कारण मागच्या मॅरेथॉनला माझं जे काही झालं ते ३३ व्या किलोमीटरला झालं होतं. ती मी ४ तास ३१ मिनिटांत संपवली. पहिली अर्धी १:५६ मध्ये आणि दुसरी अर्धी २:३५ मध्ये. पाण्याच्या टेबलापाशी थांबले ती परत पळायला सुरुवातच होईना, पाय आपले नाहीतच असं वाटत होतं, आणि मागून येणारी माणसं "चला चला थोडंच राहिलंय" म्हणत पुढे जात होती. शेवटचे ९ किमी मी बहुतेक चाललेच.

यावेळी टार्गेट ४ तास, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंदांचा (५:४१) पेस. मागच्या वेळी पण हेच टार्गेट होतं, फक्त पहिल्या अर्ध्यात चार मिनिटं "वाचवून ठेवावीत" असं डोक्यात आलं. वाचत काही नाही हो. स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये मिळून ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, असतं साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरीच्या आसपास, आणि पळताना ढोबळमानाने दर किलोमीटरला किलो वजनामागे एक कॅलरी जाते. माझं वजन ६४, गुणिले ४२.१९५, म्हणजे २७०० कॅलरी. यातला काही भाग चरबीतून येतो, पण जितकं जोरात पळाल तितका चरबीचा वाटा कमी आणि ग्लायकोजेनचा जास्त. म्हणजे सुरुवातीला चार मिनिटं कमवताना मी तीच टाकी रिकामी करत होते जी ३३ ला लागणार होती. त्यात पहिलं जेल, म्हणजे पळताना खायचं कार्ब्सचं छोटं पाकीट, घेतलं सव्वा तासाने, दमल्यासारखं वाटलं तेव्हा, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे या आठवड्यात दोन गोष्टी पक्क्या करायच्या होत्या, लाँग रनला खाण्याचं वेळापत्रक आणि शेवटी दमलेल्या पायांनी रेस पेस.

सोमवार सुट्टी.

मंगळवारी इंटरव्हल्स. ८०० मीटर सहा वेळा, प्रत्येक ४ मिनिटांत, मध्ये ४०० मीटर हळू जॉगिंग, पुढेमागे वॉर्मअप कूलडाऊन धरून १० किमी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बार्ट यासो यांच्या नावाने ओळखला जाणारा एक जुना ठोकताळा आहे की ८०० मीटर दहा वेळा जितक्या मिनिटांत करू शकता तितक्या तासांत मॅरेथॉन होते, चार मिनिटं तर चार तास. मला तो फार उदार वाटतो, लाँग रन्स नीट झाले नसतील तर तो आकडा फसवतो, पण मंगळवारसाठी एक लक्ष्य म्हणून बरा आहे. तर त्या दिवशी मी रेससाठी आणलेले नवीन शूज पहिल्यांदा घातले. हलके, खाली फोम असा की पाय आपोआप उचलला जातोय असं वाटावं. पहिलं ३:५६, दुसरं ३:५५, आणि मग मजा यायला लागली, बाजूला दोन मुलं पळत होती त्यांच्या मागे लागले आणि शेवटचं ३:४६ ला संपवलं. खूप खूष होते. घरी येईपर्यंत हसत होते.

बुधवारी ईझी ८ किमी. आमच्या ग्रुपमधले एक काका आहेत, वय ६३, अकरा मॅरेथॉन झाल्यात त्यांच्या, बुधवारी मी त्यांच्यासोबतच पळते कारण एकटी असले की माझा ईझी रन ईझी राहत नाही. काकांचा नियम साधा, "अगं, ईझी म्हणजे गोष्ट सांगता आली पाहिजे, नुसतं हो-नाही नव्हे, अख्खी गोष्ट." पेस होता ६:४० आणि हार्ट रेट १३८ च्या वर जाऊ दिला नाही. सकाळी उठल्यावर उजवी पोटरी जरा आखडल्यासारखी होती, काकांना सांगितलं पण नाही, पहिल्या दोन किलोमीटरमध्ये सुटली म्हणून विसरून गेले. ही या आठवड्यातली माझी पहिली चूक. इंटरव्हलच्या दुसऱ्या दिवशी पाय दुखणं वेगळं, ते दोन्ही पायांना सारखं असतं. एकाच पायाला, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं काही दुखत असेल तर ते वेगळं धरायला हवं, हे मला माहीत होतं.

गुरुवारी टेम्पो, म्हणजे जोरात पण टिकवता येईल अशा एकाच वेगाने सलग पळणं. २ किमी वॉर्मअप, ८ किमी सलग ५:२० ने, २ किमी कूलडाऊन. परत तेच नवीन शूज घातले, कारण रेसच्या आधी त्यांची सवय व्हायला हवी ना. टेम्पोचा पहिला किमी छान, दुसरा छान, श्वास एका लयीत बसला, मला टेम्पोमधली ही जागा फार आवडते, जिथे त्रास तर आहे पण तो आपण सांभाळू शकतोय असं वाटतं. चौथ्या किलोमीटरला उजव्या पोटरीत खालच्या बाजूला कोणीतरी आतून चिमटा काढल्यासारखं झालं. सुटेल म्हणून तशीच पळत राहिले. पाचव्याला चिमट्याची मूठ झाली. घड्याळात पाहिलं तर अजून ३ किमी बाकी, पेस ५:१९, हार्ट रेट जिथे हवा तिथे, सगळं प्लॅनप्रमाणे, फक्त पोटरी सोडून. आणि त्या दोन मिनिटांत डोक्यात जे काय चाललं होतं ते आठवलं की अजून छाती धडधडते. तीनच किमी तर आहेत, आज सोडलं तर रेसला पण सोडशील, मागच्या वेळी पण तू चालायलाच लागली होतीस.

थांबले. घड्याळ बंद केलं. दोनशे मीटर चालले आणि मग अगदी हळू २ किमी जॉग करत घरी. १२ चे ९ झाले. दार उघडून बूट काढताना रडायला आलं, खरं सांगते. पोटरीमुळे नाही, पाच आठवडे राहिलेत आणि आता हे सगळं हातातून जाणार असं वाटलं म्हणून.

संध्याकाळी फिजिओ ताईंकडे गेले. त्यांनी दाबून पाहिलं, एका पायावर टाच उचलायला लावली, आधी गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून. सरळ असताना फार नाही दुखलं, वाकवून केलं तेव्हा दुखलं, म्हणजे वरचा मोठा स्नायू नाही तर त्याच्या खालचा सोलियस. फाटलेलं काही वाटत नाही, ओव्हरलोड आहे म्हणाल्या. मग विचारलं, "नवीन काय केलंस या आठवड्यात?" आणि मी शूज म्हणताच त्यांनी दोन्ही जोड आणायला सांगितले. जुन्या जोडीचा ड्रॉप १० मिलीमीटर, नवीनचा ४. ड्रॉप म्हणजे बुटात टाच पुढच्या पंजापेक्षा किती उंच बसते ते. टाच सहा मिलीमीटर खाली गेली की पोटरी आणि अकिलीस, म्हणजे टाचेमागची जाड शीर, दर पावलाला जास्त ताणून काम करतात, आणि एका किलोमीटरला माणूस साधारण हजार पावलं टाकतो. मी ते शूज घरात घालून चाललेपण नव्हते आणि थेट आठवड्यातल्या दोन सगळ्यात वेगवान दिवशी घातले. शूज वाईट नाहीत. ओळख न करून देता पोटरीवर लादले, ती माझी दुसरी चूक.

शुक्रवारी पळणं नाही. ताईंनी सांगितलेली टेस्ट केली, भिंतीला फक्त बोटं टेकवून, एका पायावर, गुडघा जरा वाकवून टाच वर. डावा पाय २४ पर्यंत गेला. उजवा ११ ला थांबला. त्या रात्री झोप येईना म्हणून अमेरिकन धावपटू जोन बेनॉइटबद्दल वाचत बसले. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडावं लागलं, आणि ती पहिली मॅरेथॉन तिने लॉस एंजेलिसला २:२४:५२ मध्ये जिंकली, त्याच वर्षी अमेरिकेच्या निवड शर्यतीच्या फक्त १७ दिवस आधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. वाचून अंगावर काटा आला. पण एक गोष्ट मनाशी ठरवूनच फोन ठेवला, तिचं धाडस मला रविवारसाठी उसनं घ्यायचं नाहीये. तिच्यासमोर ऑलिंपिक होतं, माझ्यासमोर ट्रेनिंगचा एक रविवार, आणि रेस अजून पाच आठवडे लांब.

शनिवारी जुने शूज घालून ४ किमी, ७ च्या पेसने. काही दुखलं नाही. उजव्या पायावर जागच्या जागी दहा उड्या, तेव्हाही नाही. काकांना फोन करून सगळं सांगितलं तर ते आधी रागावले की बुधवारीच का नाही बोललीस, मग म्हणाले, "उद्या लांब जायचंच नाही. चार किमीचा लूप घेऊ, आठ वेळा. प्रत्येक लूपला गाडीपाशी यायचं, पोटरीला विचारायचं, नको म्हणाली तर गाडीत बसायचं." इतकं साधं होतं हे, पण मला सुचलं नव्हतं. मी १६ जाऊन १६ परत असा रूट धरून बसले होते, आणि तसा रूट असला की मधे थांबणं जवळपास अशक्य होतं. प्लॅनमध्ये शेवटचे १० किमी रेस पेसने होते, ते पण कापून फक्त शेवटचा एक लूप ठेवला, तोही सात लूपनंतर पोटरी शांत असेल तरच. काकांचं म्हणणं असंही होतं की आठवड्याच्या एकूण पळण्यातलं निम्मं अंतर एकाच दिवशी, हे त्यांना पटत नाही. बरोबर आहे, पण आठवड्यातून पाचच दिवस पळणाऱ्यांना मॅरेथॉनच्या ट्रेनिंगमध्ये हे टाळणं अवघड जातं.

रविवारी उजाडायच्या आधी सुरू केलं. ६:३५ चा पेस, काका पाच लूप सोबत. घड्याळात दर ३० मिनिटांनी अलार्म, आणि अलार्म वाजला की जेल, इच्छा असो वा नसो. एका जेलमध्ये २५ ग्रॅम कार्ब्स म्हणजे तासाला ५०. पहिलं जेल अर्ध्या तासाला घेताना विचित्र वाटतं, पोट भरलेलं असतं, पाय ताजे असतात, पण मुद्दा तोच, टाकी भरलेली असतानाच ओतत राहायचं. आतड्यांनाही याची सवय लावावी लागते, तिसऱ्या जेलनंतर पूर्वी मला मळमळायचं, या वेळी ते झालं नाही कारण दोन महिने दर लाँग रनला थोडं थोडं वाढवत आले होते. पाणी तहानेप्रमाणे. पूर्वी मी दर टेबलाला भरपूर प्यायचे, पण जास्त पाण्यानेही धोका असतो, २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त शेवटी तपासलं होतं आणि त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम नेहमीच्या पातळीच्या खाली गेलेलं निघालं. ते वाचल्यापासून घोट घोटच.

प्रत्येक लूपला गाडीपाशी आले की काका नुसती भुवई उडवायचे आणि मी अंगठा दाखवायचे. २० ला ते थांबले. सहावा लूप एकटीने केला तो सगळ्यात लांब वाटला, दुखत काही नव्हतं पण पूर्ण वेळ लक्ष उजव्या पोटरीत अडकलेलं, प्रत्येक पावलाला ऐकत होते. सातव्यात कधीतरी ऐकणं बंद झालं. २८ किमी झाले ३ तास ४ मिनिटांत, गाडीपाशी थांबून पाणी घेतलं, काका म्हणाले "बघ, तू ठरव," आणि मी निघाले.

५:४१. पहिले पाचशे मीटर मांड्या ऐकायलाच तयार नव्हत्या, घड्याळ ६:०२ दाखवत होतं. मग हात जरा जास्त हलवले, पावलं छोटी केली, आणि आला पेस. ५:४४, ५:४०, ५:३९. मला सारखा केनियाचा धावपटू केल्विन किप्टम आठवत होता, २०२३ ला शिकागोमध्ये त्याने २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिली अर्धी ६०:४८ आणि दुसरी ५९:४७. दुसरी अर्धी एक मिनिटाने वेगवान! त्यानंतर चार महिन्यांत तो अपघातात गेला, फक्त २४ वर्षांचा होता, अजून वाईट वाटतं. शेवटचा किमी ५:३८. एकूण ३ तास २७ मिनिटं, आणि घड्याळ थांबवल्यावर मी उभी होते, बोलत होते, काकांना पेस वाचून दाखवत होते. मागच्या वेळी ३२ ला माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

घरी वजन केलं, सकाळी ६४.२ होतं ते ६२.६. प्यायलेलं पाणी १.४ लिटर, म्हणजे घाम गेला साधारण ३ लिटर, तासाला साडेआठशे-नऊशे मिली. हे रेसच्या दिवशी उपयोगी पडेल, त्या दिवशी हवा अशीच असेल तर. आठवड्याचं एकूण ६८ च्या जागी ६३. नवीन शूज आता दोन आठवडे फक्त चालायला, मग ईझी रनला दोन-तीन किमी, आणि पोटरीने मान्य केलं नाही तर रेस जुन्याच ड्रॉपच्या शूजमध्ये, हे पण ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी परत भिंतीला बोटं टेकवून उभी राहिले. डावा २५. उजवा हळूहळू वर गेला, ११ पार झाला, १५, १८, आणि २१ ला थरथरायला लागला तेव्हा थांबले. वहीत तारीख घालून दोन्ही आकडे लिहिले आणि काकांना पाठवले.