गाडी टाकण्याआधी एक वर्ष

आमच्या नात्यातल्या एखाद्या लग्नाला पारोळ्याला किंवा चोपड्याला जाणे झाले की पंचविशीतला कोणीतरी मुलगा मला मांडवाबाहेर बाजूला घेतो आणि विचारतो, "दादा, भाड्याने चालवायला गाडी टाकू म्हणतो, कसे राहील?" गाडी चालवायला त्याला येत असते, ट्रॅक्टरवर हात बसलेला असतो, घरच्या कपाशीवर सगळ्यांचे भागत नाही हेही त्याला कळलेले असते, आणि शोरूममधल्या माणसाने हप्त्याचा हिशोब कागदावर मांडून दिलेला असतो. मी त्याला नेहमी एकच सांगतो की लायसन्स काढ, बिल्ला, म्हणजे प्रवासी गाडी चालवण्याची परवानगी, काढ, पण स्वतःची गाडी घेण्याआधी पूर्ण एक वर्ष दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर म्हणून काम कर. मांडवाच्या बाहेर उभ्याउभ्या या सल्ल्याची कारणे सांगून होत नाहीत, म्हणून ती येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात लायसन्सपासून करतो, कारण त्याविषयी जुनी माहिती अजून फिरत असते. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की चारचाकीचे कच्चे लायसन्स मिळते आणि आधार कार्डाच्या आधारे त्याची परीक्षा आता घरबसल्या देता येते. हे कच्चे लायसन्स ६ महिने चालते आणि किमान ३० दिवस उलटल्यावर पक्क्यासाठी चाचणी देता येते. त्या चाचणीविषयी फार लिहीत नाही. गाडी सरळ मागे घेता येणे, चढावर थांबवून ती मागे न घसरू देता पुढे काढता येणे आणि आरसे पाहण्याची सवय असणे, एवढे ज्याला जमते त्याला एजंटची गरज पडत नाही.

खरा गोंधळ पुढे सुरू होतो. टॅक्सी चालवायची तर लायसन्सवर परिवहन वाहनाची वेगळी नोंद लागते, त्यासाठी आधी एक वर्ष साधे लायसन्स जवळ असावे लागते आणि वय २० पूर्ण असावे लागते, असेच आमच्या पिढीला सांगितले गेले आणि मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये तशा अटी आहेतही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि नंतर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असे स्पष्ट केले की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या माणसाला ७,५०० किलोपर्यंत वजनाचे परिवहन वाहन चालवण्यासाठी अशी वेगळी नोंद लागत नाही. डिझायर, अर्टिगा, इनोव्हा, बोलेरो या सगळ्या गाड्या त्या वजनाच्या कितीतरी खाली येतात. अपघातानंतर लायसन्सवर नोंद नाही एवढ्याच कारणाने विमा कंपन्या हात वर करत असत, त्याला या निकालाने आळा बसला. तरीही पुढे मोठी बस किंवा ट्रक चालवण्याचा ज्याचा विचार असेल त्याने परिवहनाची नोंद करून घ्यावी, कारण जड वाहनांना हा निकाल लागू नाही. अशी नोंद असलेल्या लायसन्सचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि नमुना १-अ मधील डॉक्टरांचा दाखलाही जोडावा लागतो. डोळ्यांची तपासणी मात्र ज्याला कोणी सांगितली नाही त्यानेही करून घ्यावी, कारण रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रकाशात काय दिसते आणि काय दिसत नाही हे दिवसा कळत नाही.

नोंदीचा प्रश्न सुटला तरी बिल्ल्याचा प्रश्न राहतोच. प्रवासी वाहून नेणारे सार्वजनिक सेवा वाहन चालवण्यासाठी परिवहन कार्यालयाकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. बऱ्याच मुलांना हा भाग अपमानासारखा वाटतो. मला तसे वाटले नाही. रात्री दोन वाजता एखादी बाई लहान मूल घेऊन भुसावळ स्टेशनबाहेर आपल्या गाडीत बसते तेव्हा आपल्याविषयी कोणीतरी कुठेतरी चौकशी करून ठेवलेली असणे हा तिचा साधा हक्क आहे.

आता गाडीच्या कागदांकडे येतो. धुळ्याची पाटी एमएच १८, जळगावची १९ आणि नंदुरबारची ३९. पण आकड्यापेक्षा पाटीचा रंग महत्त्वाचा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि त्यावरची अक्षरे काळी असतात. तिला परमिट लागते, प्रवासी वाहनाचा विमा लागतो, पीयूसी लागते, आणि पासिंग, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते. शिवाय गाडीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि प्रवाशाला संकटात दाबता येईल असे बटण बसवावे लागते. ड्रायव्हर पगारी असला तरी रस्त्यावर गाडी अडवली जाते तेव्हा कागद त्यालाच दाखवावे लागतात, म्हणून कामावर रुजू होण्याआधी मालकाकडे ते पाहायला मागावेत. चांगला मालक चिडत नाही. माझ्या पहिल्या मालकांना आम्ही सगळे आबा म्हणत असू. त्यांनी मी विचारण्याआधीच फाइल पुढे केली आणि म्हणाले, "तारखा तू पण लिहून ठेव, माझे आता वय झाले."

पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या भाड्याने चालवण्याचा प्रकार आपल्याकडे लग्नसराईत सर्रास दिसतो आणि नवीन मुलांना तोच सोपा मार्ग वाटतो, कारण त्यात परमिट नाही, पासिंग नाही आणि भाडेही थोडे कमी सांगता येते. विनापरमिट प्रवासी वाहतुकीसाठी पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आहे, पण मला त्याहून मोठी भीती विम्याची वाटते. खासगी वापरासाठी विमा काढलेल्या गाडीत भाड्याचे वऱ्हाड असताना अपघात झाला तर भरपाईचा वाद थेट गाडीमालकाच्या शेतापर्यंत येऊ शकतो. त्या गाडीवाल्यांशी दरात स्पर्धा करण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे. ज्याला फक्त स्वस्त गाडी हवी त्याला ती दुसरीकडे मिळू द्यावी.

या धंद्यात शिरण्याचा आणखी एक रस्ता म्हणजे काळीपिवळी. आमच्याकडे गावोगावच्या स्टँडवर नंबर लावून या गाड्या उभ्या असतात आणि सीट भरली की निघतात. तेथे माणूस ओळखायला आणि सुट्टे पैसे सांभाळायला फार लवकर शिकतो. मात्र सीट भरली या शब्दांचा अर्थ प्रत्येक स्टँडवर वेगळा असतो. नोंदणीपेक्षा जास्त बसवलेल्या प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. तो एखाद्या वेळी परवडेलही, पण पाठीमागे लटकलेल्या कॉलेजच्या मुलांसह खड्डे चुकवत गाडी चालवणे मला मनाला परवडणारे नव्हते, म्हणून मी टुरिस्ट परमिटच्या गाडीवरच काम धरले.

टुरिस्ट गाडीवर पहिल्या काही महिन्यांत जे शिकायचे असते ते रस्त्यांशी संबंधित असते. खान्देश दिसायला सपाट आहे, पण तेथून बाहेर पडायचे म्हटले की बहुतेक दिशांना घाट लागतो. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की कन्नडचा घाट, जळगावहून निघाले की अजिंठ्याचा, धुळ्याहून नवापूरमार्गे सुरतकडे जाताना कोंडाईबारीचा आणि शिरपूरच्या पुढे इंदूरच्या वाटेवर सेंधव्याआधी बिजासनचा. घाटात अवजड ट्रकांच्या मागे रांगेत राहण्याचा संयम ज्याला नाही त्याने हा व्यवसाय करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, तेव्हापासून पावसाळ्यात त्या बाजूचे भाडे घेताना आमच्याकडचे जुने ड्रायव्हर आधी चाळीसगावच्या कोणाला तरी फोन करतात. फोनवरच्या नकाशापेक्षा तो फोन अधिक भरवशाचा असतो.

अजिंठ्याचे भाडे हे जळगावच्या ड्रायव्हरचे पहिले शिक्षण म्हणावे लागेल. लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत आणि लांबून येणारे अनेक पर्यटक जळगाव स्टेशनवरच उतरतात. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, एवढी साधी गोष्ट ड्रायव्हरला तोंडपाठ नसेल तर पाहुण्यांचा एक दिवस फुकट जातो आणि दोष गाडीवाल्यावर येतो. आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरच्या फाट्यावर उभी करावी लागते आणि तेथून पुढचे सुमारे चार किलोमीटर पर्यटकांना बसने जावे लागते. हे जळगावातच सांगून ठेवले की वाटेत कुरबुर होत नाही. उन्हाळ्यात तर सकाळी लवकर निघण्याचा आग्रह धरावा, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी तापलेल्या कातळावर फिरून आलेला माणूस गाडीचा एसी पुरत नाही म्हणून आपल्यावर रागावतो.

आता पैशांचे. बाहेरगावचे भाडे किलोमीटरवर ठरते आणि त्यात दिवसाला ठरावीक किलोमीटर, बहुतेक ठिकाणी ३०० च्या आसपास, किमान धरले जातात. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. गिऱ्हाईक म्हणते, "भाऊ, मी तर एकाच बाजूने चाललो, परतीचे कशाला लावता?" त्याला रिकाम्या परतीचा खर्च शांतपणे समजावून सांगणे हे गाडी चालवण्याइतकेच मोठे कौशल्य आहे. ज्याला मुंबई, पुणे, नाशिक किंवा सुरतहून परतीचे भाडे मिळवता येते त्याच्या हातात पैसा राहतो, आणि ते भाडे ओळखीतूनच मिळते. सुरतेत खान्देशातली इतकी कुटुंबे राहतात की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकींची रीघ लागते. बहुतेक जणी रेल्वेने येतात, पण आजारी सासू किंवा तान्हे मूल सोबत असले की गाडी लागते. अशा कुटुंबाने एकदा नंबर जपून ठेवला की तो नंबर त्यांच्या साऱ्या भाऊबंदांकडे जातो.

रुग्णांची भाडीही अशीच ओळखीने येतात. नाशिक, मुंबई किंवा संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेण्यासाठी घरातले लोक रात्री फोन करतात आणि त्या वेळी दराची घासाघीस करत नाहीत. म्हणूनच त्या वेळी नेहमीचाच दर सांगावा, असे आबांनी मला बजावले होते. दवाखान्याच्या आवारात दिवसभर थांबावे लागते, डबा कधी मिळतो कधी नाही, आणि परत येताना गाडीत कोणी बोलत नाही. कामाचा हा भाग मला सर्वात जड जातो आणि तरीही तो मी सहसा नाकारत नाही.

इतके सगळे सांगून पुन्हा एक वर्षाच्या अटीकडे येतो. आमच्याकडे तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते आणि मधल्या खंडांसह मेअखेरपर्यंत चालते. दिवाळीच्या सुटीत आणि थंडीत लेण्यांचे पर्यटक असतात, मंगळवारी अमळनेरच्या मंगळग्रह मंदिराकडे जाणारी कुटुंबे असतात, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते आणि अधूनमधून शिर्डी, वणी, ओंकारेश्वरची भाडी लागतात. पेरणीच्या दिवसांत मात्र कोणाच्याच हातात पैसा नसतो, आणि पितृपक्षात तर फोन बंद पडला की काय अशी शंका यावी इतकी शांतता असते. बँकेचा हप्ता प्रत्येक महिन्याच्या त्याच तारखेला जातो. ज्या मुलाने डिसेंबरची सराई पाहून जानेवारीत गाडी घेतली त्याला ऑगस्टचा हप्ता कुठून भरायचा हे कोणी सांगितलेले नसते, आणि मग तो बापाकडे किंवा सावकाराकडे जातो. दुसऱ्याच्या गाडीवर वर्षभर काम केले तर हे चढउतार मालकाच्या खिशाला बसतात, आपण ते फक्त पाहतो आणि वहीत मांडतो.

त्या वर्षात पगार कमी असतो, त्याविषयी खोटी आशा दाखवत नाही. पण डिझेल किती लागते, टायर किती किलोमीटरला बदलावे लागतात, वर्षाचा विमा आणि पासिंग मिळून किती जाते, हे आकडे त्याच वेळी स्वतःच्या हाताने लिहून काढता येतात. त्या वहीवरून सर्वात मंद महिन्याचे उत्पन्न काढावे, त्यातून घरखर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेत बसेल तेवढाच हप्ता घ्यावा. त्यात नवी गाडी बसत नसेल तर जुनी पाहावी, मात्र ती आठ वर्षांच्या पुढची असेल तर दरवर्षीच्या पासिंगचा खर्च आणि त्यासाठी मोडणारे कामाचे दिवस किमतीतून कमी करून मगच सौदा करावा. मी माझी अर्टिगा अशीच, एका निवृत्त होणाऱ्या टॅक्सीवाल्या काकांकडून, परमिट आणि बोजा (गाडीवरचे कर्ज) या दोन्हींचे कागद कार्यालयात तपासून घेतली आणि मुद्दाम पितृपक्ष संपल्यावर घेतली, म्हणजे पहिले काही हप्ते सराईच्या पैशातून गेले.