कांद्याच्या कंपन्या आणि माझी पीएच.डी.

मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. करायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो "मोजता येईल असा विषय घे" हाच. मलाही तोच मिळाला. नाशिकच्या एका कॉलेजात एमबीएला शिकवता शिकवता 2021 साली मी नोंदणी केली, तेव्हा अर्जावर विषय होता: शेतकरी उत्पादक कंपन्यांमधील ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप (लोकांना प्रेरणा देऊन बदल घडवणारं नेतृत्व) आणि कंपनीची कामगिरी. विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, म्हणजे आरआरसीपुढे, तो पहिल्या झटक्यात मंजूर झाला. नेतृत्वाची प्रश्नावली तयार मिळते, कामगिरीसाठी ताळेबंद असतो, दोन्हींचा सहसंबंध काढायचा. या साच्यातले प्रबंध आपल्याकडे भरपूर आहेत. माझा प्रबंध शेवटी त्या साच्यातून बाहेर पडला. ते कसं घडलं हे लिहिते आहे, कारण नोंदणी होऊन वर्ष-दोन वर्षं झालेले आणि पुढे कुठून सुरुवात करावी ते न सुचणारे बरेच जण मला भेटतात.

आधी या कंपन्यांबद्दल थोडं. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून 2002 साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली. किमान दहा उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी काढता येते. संचालक पाच ते पंधरा. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. इथपर्यंत गावच्या सोसायटीसारखंच वाटतं. खरी मेख आहे सीईओत. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो, आणि तो सभासदांपैकी नसावा असंही कायद्यातच आहे. म्हणजे मालक शेतकरी, चेअरमन शेतकरी आणि रोजचा कारभार पगारी माणसाच्या हाती. हा माणूस संचालक मंडळावर पदसिद्ध बसतो. 2020 साली केंद्राने दहा हजार एफपीओंची (शेतकरी उत्पादक संस्थांची) योजना जाहीर केली आणि आमच्या भागात नव्या कंपन्यांच्या पाट्या झपाट्याने दिसू लागल्या. या रचनेत नेता नेमका कोण, हा प्रश्न मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नव्हता.

कोर्सवर्क उरकलं आणि पायलट स्टडीला, म्हणजे छोट्या प्रमाणावरच्या चाचणी-अभ्यासाला, लागले. नेतृत्वाचे अभ्यासक बर्नार्ड बास आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नेतृत्व मोजणारी 45 विधानांची प्रश्नावली रीतसर परवानगी काढून घेतली, मराठीत करून घेतली आणि निफाड, सटाणा, चांदवड भागांतल्या सभासदांकडे घेऊन गेले. प्रत्येक विधानापुढे 0 ते 4 आकडे, त्यांतल्या एकावर खूण करायची. एका शेडमध्ये गोल्टी (बारीक कांदा) निवडत बसलेल्या आजोबांनी पहिलं विधान नीट ऐकून घेतलं आणि मग सगळ्या पानावर 4 वरच खुणा केल्या. म्हणाले, "ताई, चेअरमन नाना आमच्या भावकीतले. त्यांना कमी मार्क देऊन मी गावात राहू का?" पुढच्या गावात जरा हातचं राखणारी माणसं होती, त्यांनी सगळीकडे 3 दिले. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, पुरेशा मानल्या जाणाऱ्या 0.7 च्या बराच वर. कागदावर प्रश्नावली अगदी विश्वासार्ह ठरली. मोजली मात्र गेली होती चेअरमनबद्दलची भीड.

हे आकडे गाइडसरांपुढे ठेवले. ते बराच वेळ चाळत राहिले, मग म्हणाले, "चेअरमन कसा आहे हे विचारत बसू नकोस. गेल्या वर्षभरात कंपनीपुढे कठीण प्रसंग कोणता आला, आणि तेव्हा कोणी काय ठरवलं, ते शोध." माझ्या संशोधनाला वळण लागलं ते या दोन वाक्यांनी. मॅनेजमेंटचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांची मांडणी मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले होते: स्ट्रॅटेजी नेहमीच आधी आखलेली नसते, घेतलेल्या निर्णयांच्या ओघात ती आकार घेते. तीच आता फिल्डवर लावायची होती. मग निर्णय हाच अभ्यासाचा घटक धरायचं ठरलं. सर्व्हेऐवजी केस स्टडी, आणि पुराव्याला मुलाखतींच्या जोडीने कागद: प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही), खरेदीच्या पावत्या, गाडीभाड्याच्या नोंदी, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे निरोप.

पद्धत बदलायची म्हणजे संशोधनाची प्रगती तपासणाऱ्या रिसर्च अॅडव्हायझरी कमिटीला पटवणं आलं. सहामाही सादरीकरणात पहिलाच प्रश्न आला, "सॅम्पल साइज किती?" हा प्रश्न केस स्टडी करणाऱ्या प्रत्येकाला येतोच, म्हणून माझं उत्तर सविस्तर देते. केस स्टडी पद्धतीवर लिहिणारे रॉबर्ट यिन यांनी दोन प्रकारचे निष्कर्ष वेगळे केले आहेत. सर्व्हेत आपण नमुन्यावरून लोकसंख्येविषयी बोलतो. केस स्टडीत एका प्रसंगावरून सिद्धांताविषयी बोलतो: सिद्धांत जे सांगतो ते इथे घडलं का, आणि नसेल तर का नाही. त्यामुळे केसेस किती यापेक्षा त्या कशा निवडल्या हे सांगावं लागतं. मी एकाच पिकातल्या, साधारण सारख्या उलाढालीच्या, पण कारभाराची रीत वेगळी असलेल्या कंपन्या निवडल्या होत्या. कमिटीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी तो निवडीचा तक्ता मागून घेतला, दोन कंपन्या बदलायला लावल्या आणि मंजुरी दिली. त्यांनी केलेला बदल प्रबंधात फार उपयोगी पडला. अशा वेळी कमिटीसमोर तोंडी बाजू मांडत बसू नये; तक्ता हातात द्यावा.

माझं फिल्डवर्क चालू असतानाच 19 ऑगस्ट 2023 उजाडला. शनिवार होता. संध्याकाळी केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावल्याची बातमी आली. सोमवारपासून लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद. मंगळवारी जाहीर झालं की सरकारसाठी खरेदी करणाऱ्या नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था आणखी दोन लाख टन उन्हाळ कांदा 2,410 रुपये क्विंटलने घेणार. या तीन-चार दिवसांत माझ्या यादीतल्या प्रत्येक कंपनीला ठरवायचं होतं: भरलेल्या गाड्यांचं काय, कांदाचाळीत साठवलेला माल ठेवायचा की द्यायचा, आणि सभासदांना काय सांगायचं.

यातल्या दोन कंपन्यांचं सांगते. नावं न देण्याचं लेखी वचन दिलं आहे, म्हणून 'अ' आणि 'ब'.

'अ'च्या सीईओला शनिवारी रात्रीच निर्यातदाराचा फोन आला की माल थांबवा. त्याने शेडवरचं भरणं बंद केलं, वाटेत असलेली गाडी देशातल्या बाजाराकडे वळवली आणि मग चेअरमनना फोन केला. हे सगळं मला नंतर प्रोसिडिंग बुकात तारीखवार सापडलं. जून महिन्यातच मंडळाने ठराव केला होता की अमुक रकमेपर्यंतचा सौदा सीईओ स्वतःच्या अधिकारात फिरवू शकेल, चोवीस तासांत कळवावं. उत्पादक कंपनीत संचालक मंडळाच्या सभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. त्याहून कमी मुदतीत सभा घ्यायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं. 'अ'च्या वहीत निळ्या शाईने ते कारण लिहिलेलं आहे: निर्यातशुल्क. खाली पाच सह्या, एक अंगठा. चाळीतला चांगला माल सरकारी खरेदीला द्यायचा आणि बाकीचा सभासदांनी आपापल्या जबाबदारीवर ठेवायचा, असं त्या सभेत ठरलं.

'ब'चा चेअरमन माझ्या पायलटमध्ये सगळ्यांत वरच्या गुणांचा नेता ठरला होता, आणि माणूस खरोखर मोठा आहे. गावात बंधारा झाला तो त्याच्या धडपडीमुळे. पण त्या शनिवारी तो दवाखान्याच्या कामासाठी बाहेरगावी होता. सीईओ, पंचविशीतला कृषी पदवीधर, काहीही न करता थांबला. मी विचारलं तेव्हा त्याने एप्रिलचा प्रसंग सांगितला. तेव्हा त्याने स्वतःहून एक सौदा केला होता आणि भर सभेत त्याला विचारलं गेलं होतं, "कोणाला विचारून?" वहीत त्याच्या अधिकाराबद्दल एक ओळही नाही. सात दिवसांची सूचना निघाली, सभा झाली, तोवर गाडीतला माल घसरलेल्या भावात व्यापाऱ्याच्या गळ्यात मारावा लागला होता.

मुलाखतींचं कोडिंग, म्हणजे उत्तरांचं मुद्द्यांनुसार वर्गीकरण, करताना हाच धागा मला पुन्हा पुन्हा दिसत गेला. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी आली, तेव्हा त्याच कंपन्या पुन्हा पाहता आल्या. माझ्या अभ्यासातल्या ज्या मंडळांनी सीईओच्या अधिकाराची हद्द आधी लिहून ठेवली होती, त्यांनी दोन्ही वेळा लवकर पावलं उचलली आणि सभासदांत कुरबुरही कमी झाली. चेअरमनचा करिश्मा असणं-नसणं याने त्यात फारसा फरक पडला नाही. नेतृत्वाचे गुण व्यक्तीत शोधायची सवय आपल्या मॅनेजमेंट संशोधनाला फार आहे. या कंपन्यांत ते काम ठरावाच्या चार ओळी करत होत्या, आणि हे मी प्रबंधात ठामपणे मांडलं.

पुढचे टप्पे थोडक्यात. माझी नोंदणी 2022 च्या नव्या यूजीसी नियमांआधीची, त्यामुळे प्रबंध सादर करण्याआधी एक पेपर प्रसिद्ध करणं आणि दोन परिषदांत मांडणी करणं सक्तीचं होतं. "पैसे भरा, पंधरा दिवसांत पेपर" असे मेसेज सतत येत. त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. चांगल्या जर्नलच्या परीक्षकाने माझा पेपर दोनदा परत केला, आणि चौथं प्रकरण त्याच्या शेऱ्यांमुळेच सुधारलं. प्लेजिअरिझमच्या (वाङ्मयचौर्याच्या) अहवालात साम्य 10 टक्क्यांच्या वर दिसलं, कारण कंपनी कायद्याची कलमं जशीच्या तशी दिली होती. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत कायद्याचा मजकूर आणि संदर्भासह दिलेली अवतरणं मोजणीतून वगळलेली आहेत. ग्रंथपालांना नियम दाखवून फिल्टर लावून घ्या, घाबरून कलमांची वाक्यं फिरवू नका. सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) दिल्यानंतर एका कार्यालयात माझी फाइल कित्येक महिने पडून राहिली. तिथे दर आठवड्याला लेखी विचारणा करणं आणि त्याची पोच घेणं एवढंच आपल्या हातात असतं. ते मी चिकाटीने केलं.

व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, खुला असतो, म्हणून 'अ' कंपनीचा सीईओ आणि दोन संचालक मुद्दाम आले होते. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "सभासद नसलेल्या माणसाला एवढा अधिकार दिला आणि सौदा बुडाला, तर जबाबदारी कोणाची?" मी सांगितलं की 'अ'च्या ठरावात रकमेची हद्द ठेवली आहे ती याचसाठी. त्या हद्दीतलं नुकसान मंडळाने आधीच आपलं मानलेलं असतं. हद्दीबाहेर गेला तर सीईओ उत्तरदायी. त्यांचं समाधान झालं, पण मागच्या रांगेतून त्या सीईओने हात वर करून परवानगी मागितली आणि वेगळाच मुद्दा काढला. केंद्राच्या दहा हजार एफपीओंच्या योजनेतून कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त 18 लाख रुपये मिळतात. बऱ्याच ठिकाणी सीईओचा पगार निघतो तो त्यातूनच. "मॅडम, तीन वर्षं संपली की आमच्यातले निम्मे नोकरी बघायला लागतात. अधिकाराचा ठराव राहतो, तो वापरणारा राहत नाही."

मी सध्या यावरच काम करते आहे. योजनेची तीन वर्षं पूर्ण झालेल्या कंपन्यांत सीईओचा पगार आता कशातून दिला जातो आणि सीईओ सोडून गेला तिथे त्याचं काम कोणाकडे आलं, याच्या नोंदी गोळा करणं चालू आहे. 'ब' कंपनीने प्रबंधाचा मराठी सारांश मागून घेतला आणि मार्चच्या सभेत सीईओच्या अधिकाराचा ठराव केला. त्याची प्रत त्यांनी मला पाठवली आहे. रकमेची हद्द 'अ'पेक्षा बरीच कमी ठेवली आहे, तरी ठरावाचा सूचक म्हणून सही चेअरमनचीच आहे.